दर उन्हाळ्यात रस्त्यावर खारी मरतायत: आमच्या गल्लीत काय केलं, काय फसलं

प्रॉब्लेम असा की आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर शिवरात्र झाली की खारी मरायला लागतात. रोज नाही, पण आठवड्यात दोन-तीन तरी. सकाळी दूध आणायला निघावं तर डांबराला चिकटून सपाट झालेली एक पडलेली असते, आणि तिची शेपटी तेवढी वाऱ्यानं हलत असते, लांबनं बघितलं की वाटतं अजून जीव आहे. शाळेत जाणारी पोरं थांबून बघतात, मग कावळा येतो, कावळ्यामागं मांजर येतं, आणि एकदा तर ते मांजरच रिक्षाखाली आलं. तीन वर्षं हे चाललं होतं. यंदा बरंच कमी झालंय, बंद झालेलं नाही. तर कुणाला उपयोग झाला तर बघा म्हणून सगळं लिहितोय, फसलेलं पण लिहितोय कारण फसलेलंच जास्त आहे.

जागा सांगतो आधी. सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे, समोर पंचवीस-तीस फुटी रस्ता, रस्त्याच्या आमच्या बाजूला कडुनिंब आणि एक मोठी विलायती चिंच, पलीकडं मोकळा प्लॉट आणि त्याला लागून पुन्हा कडुनिंबाची रांग. खारी आधीपासून होत्याच. पण गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्या झाल्यात की दुपारी गॅलरीत वाळत घातलेल्या शेंगा राखायला माणूस बसवावं लागतं. खालच्या मजल्यावर एक तेलुगू अम्मा राहतात, मुलाचे माग आहेत पूर्व भागात, त्या दारात बसून "उडुता उडुता" (तेलुगूत उडुता म्हणजे खार) करत काठी आपटतात आणि खार दोन फुटावर बसून त्यांच्याकडं बघत दाणा सोलत असते.

सगळ्यात आधी सगळे म्हणतात तेच आम्ही पण म्हटलं, की खारी लई झाल्यात म्हणून मरतायत, कमी करा म्हणजे मरणार नाहीत. ऐकायला बरोबर वाटतं. इथंच दोन वर्षं वाया गेली.

पिंजरा लावायचा असेल तर आधी हे वाचा

दुसऱ्या वर्षी आम्ही उंदराचे पिंजरे आणले, त्यात शेंगदाणा आणि चिकूची फोड. पहिल्याच दिवशी तीन सापडल्या. लई भारी वाटलं. गाडीवर पिंजरा ठेवून गावाबाहेर झाडीत नेऊन सोडल्या, असं आठवडाभर केलं. चौथ्या दिवशी अम्मांच्या पत्र्याखालनं बारीक चीं चीं आवाज यायला लागला, सहाव्या दिवशी तो बंद झाला, आणि मग वास. पत्रा काढला तर घरटं निघालं. घरटं म्हणजे काय होतं सांगू का, चादरीच्या मागावरचं लाल-हिरवं सूत, काथ्या, पायपुसण्याचे तुकडे, आमच्या गॅलरीतनं गेलेल्या एका शालीची झालर, सगळं गोल गुंडाळून नारळाएवढा गोळा केलेला, आणि आत तीन पिल्लं मेलेली. डोळेपण उघडले नव्हते. आई आम्ही झाडीत सोडून आलो होतो. अम्मा दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या घरी पहिल्यापासून सांगत आलेत की पाठीवरच्या रेघा रामाच्या बोटाच्या, त्यामुळं त्यांना पिंजराच आवडला नव्हता, शेंगा गेल्या तरी चालतील म्हणत होत्या.

आणि एवढं करून उपयोग शून्य. महिन्याभरात शेजारच्या गल्लीतल्या खारी मोकळ्या झाडांवर आल्या. जागा आहे, खायला आहे, तर कोणीतरी येणारच. वर खार वन्यप्राण्यात येते, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, तेव्हा पकडणं, सोडणं, पाळणं हे आपण परस्पर करायचं कामच नाही. मला हे नंतर कळलं, लाज वाटली. पकडायचीच वेळ आली तर वन खात्याला विचारा, त्यांची १९२६ ही हेल्पलाईन आहे.

थोडा हिशोब पण बघा म्हणजे पिंजरा का चालत नाही ते कळेल. आमच्याकडं दिसते ती पाच पट्ट्यांची खार (तीन पट्ट्यांची वेगळी जात असते, दक्षिणेकडं जास्त. मोजायला गेलात तर पाचातले बाहेरचे दोन फिकट असतात, त्यामुळं लोक चुकतात). वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. पोटात पिल्लं साधारण ४० ते ४५ दिवस, एका वेळी २ ते ४ पिल्लं, आणि खायला बरं असेल तर वर्षात दोन-तीन वेळा. म्हणजे एक मादी वर्षात सहा-आठ पिल्लं सहज घालते. एरवी यातली बरीचशी शिक्रा, कावळा, भारद्वाज, धामण, मांजर यांच्या पोटात जातात. वस्तीत शिक्रा कमी, धामण दिसली की आपणच मारतो, आणि खाणं मात्र चोवीस तास. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात आपल्याकडची हीच खार १८९८ साली नेली होती, तिथनं बाहेर पडली आणि कित्येक दशकं त्या शहरात टिकून राहिली. परक्या देशात ती अशी टिकते, मग आमचे दोन पिंजरे काय करणार.

मग नेमकं मरतात कुठं आणि कधी

तिसऱ्या वर्षी मी वेगळं केलं. कुठं मेली, कधी मेली हे लिहायला लागलो. वही कोण काढणार म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच त्या तारखेच्या चौकोनात "ख" लिहायचो. त्याच चौकोनात बायको दूधवाल्याचे खाडे लिहिते, ते मला माहीत पण नव्हतं. महिना संपला आणि तिनं "ख" म्हणजे खाडा समजून दूधवाल्याचे नऊ दिवसांचे पैसे कापले. तो बिचारा म्हणाला वहिनी मी एकपण दिवस चुकलो नाही हो. नऊ खारींचे पैसे त्याच्या अंगावर गेले होते. ते निस्तरलं, पण त्या भानगडीत दोघं कॅलेंडरपुढं उभे राहिलो तेव्हा बायकोनंच दाखवलं की बघ, तुझा ख जिथं आहे तिथं माझं "पाणी" आहे, नाहीतर त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. चार-पाच दिवसांनी येतं, ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायको "पाणी" लिहून ठेवते म्हणजे पुढच्याचा अंदाज येतो. तर नऊ ख पैकी सात पाण्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. मी खाली जाऊन बघितलं. पाणी आलं की रस्त्याच्या कडेचा व्हॉल्व्ह गळतो, शिवाय लोकांच्या टाक्या भरून वाहतात, आणि डांबराला जिथं खड्डा पडलाय तिथं परातीएवढं डबकं साठतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतं. मार्च-एप्रिलमधे, बेचाळीस डिग्रीत, त्या अख्ख्या भागात उघड्यावर पाणी म्हणाल तर तेवढंच. खार त्या डबक्यावर येते, चार पाय पसरून पोट ओल्या डांबराला टेकवून पडते आणि पाणी पिते, आणि वेळ कुठली तर सकाळी साडेआठ ते दहा, म्हणजे अख्खी गल्ली ऑफिसला पळत असते ती.

हे बघितल्यावर बाकीचं पण दिसायला लागलं. जिथं मरतात ती जागा अख्खा रस्ता नाहीच. फार तर चाळीस पावलांचा तुकडा आहे. त्याच्या एका बाजूला वरच्या मजल्यावरचे काका, मिलमधनं रिटायर झालेले, रोज सकाळी कबुतरांना ज्वारी आणि शेंगदाण्याचा चुरा टाकतात. दुसऱ्या बाजूला कडुनिंबाची रांग, जिथं घरटी आहेत. आणि मधे वर आकाश. आकाश म्हणजे पूर्वी तिथं दोन्हीकडच्या कडुनिंबाच्या फांद्या एकमेकींत घुसलेल्या होत्या, खार वरनं जायची वरनं यायची, कुणाला पत्ता नसायचा. चार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आधी तारांना लागतात म्हणून फांद्या छाटून गेले, आमच्या बाजूच्या तर अक्षरशः बोडक्या केल्या. आणि खारी मरायला सुरुवात कधी झाली? त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. इतकी वर्षं आम्ही खारीला शिव्या देत होतो.

तुमच्याकडं असा प्रॉब्लेम असेल तर पिंजरा, औषध, बोर्ड हे सगळं राहू द्या, पहिले पंधरा दिवस फक्त लिहा. कुठं, किती वाजता, त्या दिवशी तिथं काय होतं. आणि मान वर करून बघा की फांद्या कुठं तुटल्यात. एक लक्षात ठेवा, खार दिवसाचा प्राणी आहे, रात्री ती घरट्यात असते, त्यामुळं रात्री काही मेलं असेल तर ते दुसरंच काहीतरी, उंदीर नाहीतर चिचुंद्री, ते यात धरू नका. माझे पहिले दोन ख चुकीचे होते, एक घूस निघाली.

गाडीपुढं ती अशी का करते हे पण सांगतो कारण लोक म्हणतात खार मूर्ख आहे. ती मूर्ख नाही. शिक्रा झडप घालतो तेव्हा सरळ पळाली तर मेली, म्हणून ती नागमोडी पळते, अर्ध्यात थांबते, उलटी फिरते, शिक्र्याचा नेम चुकतो. तोच डाव ती चाकापुढं खेळते. चाक नेम धरत नाही, ते सरळच येतं, आणि ती बरोबर उलटी फिरून त्याच्याखाली येते. हॉर्न वाजवला तर आमच्या बघण्यात ती जास्तच गोंधळते. त्यामुळं चालवणाऱ्यानं एकच करायचं, तो तुकडा यायच्या आधीच वीसवर यायचं. ऐनवेळी करकचून ब्रेक किंवा हँडल वळवणं टू व्हीलरवर करू नका, आमच्या इथं एक कॉलेजचा पोरगा खार वाचवताना घसरला, कोपर फुटलं, आणि खार गेली ती गेलीच.

यंदा काय केलं

सगळ्यात सोपं आधी केलं, पाणी. व्हॉल्व्हच्या गळतीचा अर्ज दिला, ती गळती अजून आहे. पण डबकं तर मोडता येतं. दोन पाट्या खडी-मुरूम आणून खड्डा बुजवला आणि कडेनं चर काढून वाहणारं पाणी झाडाच्या आळ्यात वळवलं. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही हं, एका बाजूला ठेवलं की दुसरीकडची पुन्हा रस्ता ओलांडणार, मातीच्या पसरट थाळ्या ठेवल्या. जमिनीवर नाही, मांजर टपून बसतं, तर खोडाला चार-पाच फुटावर तारेनं अडकवल्या. आत एक खापराचा तुकडा ठेवला, पिल्लू पडलं तर चढायला. पाणी रोज बदला, शेवाळ धरतं.

याच्यावरनं आठवलं, उघडे बॅरल. पाणी चार दिवसांनी येतं म्हणून घरोघरी बॅरल भरलेले असतात आणि त्यात पण खारी बुडतात, प्लॅस्टिकच्या भिंतीवर त्यांची नखं धरत नाहीत. झाकण नसेल तर एक जाडी काठी नाहीतर पोत्याची पट्टी आत सोडून ठेवा. फुकट काम आहे.

दुसरं, काकांचे दाणे. हे सगळ्यात अवघड होतं. काकांना दाणे बंद करा म्हणायची कुणाची टाप नाही, वीस वर्षांचा नेम आहे त्यांचा, आणि सकाळी कबुतरं आली नाहीत तर त्यांचाच दिवस जात नाही. मी सरळ म्हटलं काका, दाणे टाका पण रस्त्याच्या कडेला नको, मागच्या गच्चीवर टाका आणि संपतील एवढेच टाका, आणि शेंगदाणा नको. त्यावर ते म्हणाले, "मग खारीनं काय खायचं रे?" म्हणजे इतके दिवस ते मुद्दाम खारीलाच घालत होते! कबुतरांचं नाव होतं नुसतं. आमच्या शेंगांत खारीचा वाटा कोण काढतंय हे त्या दिवशी कळलं.

त्यांना तिखटाची युक्ती सांगितली. पक्ष्यांच्या तोंडाला मिरचीचा तिखटपणा लागत नाही, खारीला आपल्यासारखाच लागतो. मिरच्या खाऊन बिया लांब टाकायचं काम पक्षीच करतात ते यामुळंच. तर धान्याला थोडी नुसती लाल मिरची पूड चोळली की कबुतरं खातात, खार एकदा तोंड लावते आणि नाक घासत निघून जाते. काका दुसऱ्या दिवशी घरची शेंगा चटणी घेऊन आले. म्हटलं काका, ही नको, यात मीठ-लसूण आहे, आणि यात तर शेंगाच आहेत, खार डबा घेऊन जाईल. फक्त पूड, आणि वारं असेल तेव्हा टाकू नका, आपल्याच डोळ्यात जाते.

तिसरं, पूल. खरा गुण याचाच आला असं माझं मत आहे, बायकोचं मत पाण्याचं आहे.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात लाँगव्ह्यू म्हणून गाव आहे, तिथं पण खारी रस्ता ओलांडताना गाड्यांखाली यायच्या, तर १९६३ साली एका बांधकामवाल्यानं त्यांच्यासाठी रस्त्यावरनं टांगलेला छोटा पूल केला, अॅल्युमिनियम आणि अग्निशमनच्या जुन्या होजपाईपचा. तो पूल अजून आहे. आपल्याकडं तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्याच्या वर असेच दोरीचे पूल बांधलेत. म्हटलं माकडाचं वजन पेलतं तर आपली सव्वाशे ग्रॅमची काय.

पहिली दोरी नायलॉनची, अंगठ्याएवढी जाड. बांधली, पंधरा दिवस एकपण खार चढली नाही. उलट शेजारच्या केबल टीव्हीच्या वायरवरनं एक-दोन बिनधास्त जायच्या, म्हणजे उंचीची भीती नाही. मी सकाळ सकाळ दोरीखाली मान वर करून उभा, आणि मित्र गाडी थांबवून, "काय करलालास बे, पतंग अडकलाय का?" नंतर लक्षात आलं की नायलॉन नवीन असताना गुळगुळीत असतो, आणि आमची दोरी नुसती खोडाला बांधलेली होती, खार ज्या फांदीवरनं पळते त्या फांदीला नव्हती. ती खोडाच्या त्या जागी कधी येतच नव्हती.

दुसऱ्यांदा अम्मांच्या मुलानं डोकं लावलं. टॉवेलच्या कारखान्यात कडेची चिंधी निघते, किलोवर मिळते, ती त्यानं एक पोतं भरून आणली. नायलॉनची दोरी आत ठेवून वरनं ती टॉवेलची पट्टी तिरकी गुंडाळत गेलो, दर वीतभरावर सुतळीची गाठ. मनगटाएवढी जाड, केसाळ दोरी झाली, नखं रुततात. नुसती सुती पट्टी उन्हापावसात एका वर्षात कुजेल, म्हणून आत नायलॉन हवाच. दोन्ही टोकं खारींच्या जाण्यायेण्याच्या फांदीला बांधली, आणि फांदीला थेट दोरी न आवळता मधे सायकलची जुनी ट्यूब घेतली, त्यानं साल कापत नाही आणि वाऱ्यात झाड हललं तर ताण बसत नाही. उंची वीस फूट. घंटागाडी, टँकर, स्कूल बस सगळं खालनं जातं, पण लग्नाच्या सीझनला डीजेची गाडी येते तिचा अंदाज घ्या.

विजेच्या तारांपासून लांब. हे गमतीत घेऊ नका. ओली दोरी आणि तार एकत्र आली तर खार राहिली बाजूला, माणूस जाईल. आम्ही वायरमनला बोलावून जागा दाखवली, त्यानं नको म्हटलेल्या दोन जागा सोडल्या आणि चढायला त्याचाच माणूस घेतला. विजेच्या खांबाला काहीही बांधू नका.

बांधली तेव्हा विलायती चिंच लालबुंद पिकलेली होती, तिचे आकडे दोन्ही टोकांना अडकवून ठेवले. सहाव्या दिवशी एक अर्धवट वयाची खार मध्यापर्यंत आली, बसली, शेपटी झटकत चिक चिक चिक चिक करून अख्खी गल्ली डोक्यावर घेतली आणि परत गेली. दोन दिवसांनी तीच, किंवा तिच्यासारखीच, थेट पलीकडं. त्यानंतर रीघ. सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलं की दहा मिनिटांत चार-पाच जातात. समोरासमोर दोन आल्या तर एक दोरीच्या खालच्या अंगानं उलटी लटकून दुसरीला वाट देते, हे मी दोनदा बघितलंय, माणसांना नवी पेठेच्या गर्दीत जमत नाही.

कॅलेंडर सांगायचं तर गेल्या वर्षी मार्चमधे नऊ, त्यातली घूस आणि अजून एक संशयित सोडा, सात. यंदा मार्चमधे दोन, एप्रिलमधे एक. खारी कमी झाल्यात का? अजिबात नाही. शेंगा राखायला अजून माणूस लागतं.

बाकी किरकोळ

घरात शिरतात त्याचं थोडक्यात. आधी खात्री करा की आत पिल्लं नाहीत, आमच्यासारखं करू नका. भोकात कागदाचा बोळा सैल कोंबून ठेवा, दोन-तीन दिवसांत ओढून काढला तर येणंजाणं आहे. पिल्लांचा आवाज असेल तर दोन महिने कळ काढा, मोठी होऊन जातात. मग अर्ध्या इंचापेक्षा बारीक लोखंडी जाळी, प्लॅस्टिकची नाही, ती एका दुपारचं काम आहे त्यांना. दात आयुष्यभर वाढत असतात म्हणून सारखं कुरतडत राहतात, सोलरची वायर, ड्रिपची नळी, गाडीखालचे पाईप काही सोडत नाहीत. वायर लोखंडी पाईपमधनं घ्या. डांबर गोळ्या मोकळ्या हवेत काही करत नाहीत. विष तर अजिबात नको, मेलेली खार कावळा-मांजर खातं आणि ते पण जातं. उंदीर धरायच्या चिकट पुठ्ठ्याचं नाव पण काढू नका.

मेलेली रस्त्यावर दिसली तर उचला, तिच्यामागं कावळा-मांजर येऊन ते मरतं. उघड्या हातानं नाही, पिसवा असतात, पिशवी उलटी हातात घालून उचलायची आणि फूट-दीड फूट खोल पुरायची. जिवंत पण जखमी असेल तर चावते, टॉवेल टाकून धरा आणि खोक्यात अंधारात ठेवा. चावलीच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरला दाखवा. खारीपासून रेबीज क्वचितच होतो, पण ते डॉक्टरला ठरवू द्या.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर लोक आधी गायीचं दूध ड्रॉपरनं पाजतात, ते फुफ्फुसात जातं नाहीतर पोट बिघडतं. आधी ऊब. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात, वर पिल्लू, आणि खोकं त्याच झाडाला सावलीत अडकवा, मुंग्या लागणार नाहीत असं. आई तोंडात धरून परत नेते. यंदा आम्ही एक असं ठेवलं होतं, सकाळी नऊला ठेवलं, अकराला खोकं रिकामं. संध्याकाळपर्यंत नाही नेलं तर मात्र वर दिलेली हेल्पलाईन.

एक जागा अजून सुटलेली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिथं भज्याची गाडी लागते तिथं यंदाच्या तिनातल्या दोन मेल्या, तिथं दोन्हीकडं झाडच नाही तर दोरी कशाला बांधणार. गाडीवाल्याला उरलंसुरलं रस्त्यावर टाकू नको म्हटलंय, तो हो म्हणतो. पावसाळ्यात तिथं दोन करंज लावायचेत, ते मोठे होईपर्यंत काय ते सुचत नाहीये, कुणी मोकळ्या रस्त्यावर काही केलं असेल तर सांगा.

दोरीच्या गाठी मृग निघायच्या आधी बघून घ्यायच्यात, वळवाच्या वाऱ्यात पूर्वेकडची ट्यूब थोडी चिरलीय. आणि कालनिर्णयवर ख लिहायला घरात बंदी झालीय. मी आता चौकोनात बारीक शेपटी काढतो. परवा दूधवाल्यानं हिशोबाला आल्यावर ती बघितली आणि विचारलं, वहिनी, हे आता माझं काय चुकलं?